वाळूतले राणीछाप रुपये

वेल्सच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त काय सापडत असेल, तर शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या. त्याखालोखाल तंबूचे खुंट, मासे धरायच्या गळाला लावायची शिशाची वजनं आणि सुट्टीवर आलेल्यांच्या खिशातून पडलेली चिल्लर. काकांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. बहुतेक पेशंटांना सर्दीच असते, पण तपासावं प्रत्येकाला लागतं, अशा सुरात ते बोलत होते.

काका म्हणजे माझ्या आईच्या मावसबहिणीचे यजमान. मूळचे साताऱ्याकडचे. साठच्या दशकाच्या शेवटी ते वेल्समध्ये आले आणि कोळशाच्या खाणींच्या एका गावात त्यांनी आयुष्यभर दवाखाना चालवला. खाणी बंद झाल्या, पेशंट म्हातारे झाले, काकाही झाले. निवृत्तीनंतर ते आणि मावशी स्वान्सीच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या एका लहान गावात बंगल्यात राहायला आले. समुद्राजवळ घर ही मावशीची अट होती. ती रत्नागिरीच्या खालच्या किनाऱ्यावरची. त्यांचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होता. वर्षातले सहासात महिने तो समुद्रावर असे.

आम्ही दोघं तेव्हा रीडिंगला राहत होतो. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत होता. मी पुण्यातली वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सोडून त्याच्याबरोबर आले होते. बँक हॉलिडेच्या जोडसुट्टीला एम-फोर महामार्ग धरायचा आणि पश्चिमेकडे जात राहायचं, की जेवणाच्या वेळेला मावशीच्या दारात. तिच्या हातची आमटी खाल्ली की आपण कुठे आहोत याचा थोडा वेळ विसर पडे.

त्या किनाऱ्याची एक दंतकथा आहे. पोर्तुगालच्या राजकन्येचा हुंडा घेऊन निघालेलं एक जहाज तिथं फुटलं आणि चांदीची नाणी वाळूत गेली. पुढे कधीतरी ओहोटी फार लांब गेली तेव्हा गावकऱ्यांनी खोऱ्यांनी नाणी काढली, असं सांगतात. जहाजाचं नाव कुणाला ठाऊक नाही, साल पक्कं नाही. डेस्कवर असते तर ही बातमी मी छपाईला पाठवली नसती. काकांना मात्र ती पाठ होती.

"ह्याच राजकन्येच्या हुंड्यात इंग्रजांना मुंबई मिळाली," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "म्हणजे मुंबई गेली ती गेली, रोख रक्कम इथं पडलीय. बोला जावईबापू, मराठी माणसाचा ह्यावर पहिला हक्क आहे की नाही?"

"आहे ना. पण बोलणी कोण करणार?"

"तुमची मावशी. तिच्या माहेरच्यांनी आमच्याशी दोन दिवस घासाघीस केली होती."

"खोटं सांगू नका हो," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. "घासाघीस तुमच्या आईने केली. माझे वडील नुसते पागोटं सांभाळत उभे होते."

निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षं काकांची वाईट गेली होती. दुपारभर खुर्चीत बसून असत. पेपर उघडा असे, पान उलटत नसे. मावशीने हे माझ्या आईला फोनवर सांगितलं होतं, हळू आवाजात, पलीकडच्या खोलीत काका आहेत अशा बेताने. मग शेजारच्या एकाने त्यांना आपल्या क्लबात नेलं. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले दोघं-तिघं, एक पोस्टमन, एक माजी मुख्याध्यापक, असे सगळे मेटल डिटेक्टरवाले. वादळ येऊन गेलं की वरची वाळू वाहून जाते आणि खालचा जुना थर उघडा पडतो. ही माणसं त्याची वाट बघत. ओहोटीच्या पाण्याच्या कडेकडेने, शेत नांगरावं तशी सरळ रेघेत जात. यंत्राची चकती वाळूला जवळजवळ टेकलेली. कानात आवाज आला की थांबायचं, खणायचं, काढायचं आणि खड्डा बुजवायचा. खड्डा न बुजवणाऱ्याशी क्लबातलं कुणी बोलत नसे. काकांनी मावशीचं परसातल्या पालकाच्या वाफ्यातलं लांब खुरपं ह्यासाठी पळवलं होतं, त्यावरून घरात बरेच दिवस टोमणे चालले.

पहिला रुपया सापडला तेव्हा काकांनी आम्हाला रविवारी सकाळी फोन केला.

"बातमी आहे," ते म्हणाले. "पहिल्या पानाची."

पुढच्या खेपेला तो मी हातात घेतला. मुकुट घातलेल्या व्हिक्टोरिया राणीचं डोकं, मागे इंग्रजीत 'वन रुपी'. आपल्याकडे ज्याला राणीछाप रुपया म्हणतात तो. चांदी समुद्रात काळी पडली होती, काकांनी ती साफ केली होती. राणीच्या हनुवटीखाली छिन्नीचा बारीक घाव होता. काका म्हणाले, तेव्हाचे व्यापारी आतून तांबं तर नाही ना हे बघायला असा घाव घालत. त्यांच्या मते हे राजकन्येचं जहाज नव्हतं. हे मुंबईहून आलेलं, दोनशे वर्षं नंतरचं, आणि ह्या भागातल्या तांब्याच्या भट्ट्यांसाठी जगभरातून जहाजं येत असत तेव्हा त्यांतलंच एखादं असणार. तर्कात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. दिवाणखान्यात काचेचं छोटं कपाट आलं, त्यात निळं मखमल, वर दिवा. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्याच पट्ट्यात आणखी दोन रुपये सापडले. क्लबात काकांना मान मिळू लागला. "डॉक्टरचं जहाज" असा शब्दप्रयोग तिथं रूढ झाला. काकांनी मला महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लेख लिहायला सांगितलं. जहाजाचं नाव मिळालं की लिहू, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मावशीला स्वादुपिंडाचा कॅन्सर असल्याचं कळलं. काकांनी स्कॅन स्वतः पाहिला आणि आम्हाला फोनवर ते वाक्य एखाद्या सहकाऱ्याला सांगावं तसं सांगितलं. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. मुलाला कळवलं, तेव्हा तो नुकताच नव्या टँकरवर चढला होता. ते वर्ष एडनच्या आखातात चाच्यांनी जहाजं धरल्याच्या बातम्यांचं होतं. त्याच्या टँकरचा रस्ता तिथूनच होता. मावशी टीव्हीवरची बातमी शेवटपर्यंत बघे आणि मग रिमोट उशीखाली ठेवून देई.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही गेलो, तेव्हा काचेचं कपाट रिकामं होतं. जेवताना काकांनी खुलासा केला. फुटलेल्या जहाजातला माल सापडला तर तो सरकारला कळवावा लागतो, असा इथला कायदा आहे. इतके दिवस खात्री नव्हती, आता तीन नाणी झाली, तेव्हा त्यांनी रीतसर कळवलं होतं. रुपये तपासणीसाठी एका म्युझियमच्या तज्ज्ञाकडे गेले होते.

"जहाजाचं नाव आता मिळेल," ते मला म्हणाले. "लेखाची तयारी ठेव."

मावशीने हातातला चमचा ताटात ठेवला. ती तेव्हा तसंही फार खात नव्हती, त्यामुळे कुणाला ते वेगळं वाटलं नाही.

दुपारी काका माझ्या नवऱ्याला घेऊन किनाऱ्यावर गेले. मावशी सोफ्यावर आडवी होती. मी भांडी विसळून आले तशी तिने मला जवळ बसवलं.

"ते रुपये माझे आहेत," ती म्हणाली.

मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. तिला ते दिसलं.

"शुद्धीत आहे मी. ते जहाजातले नाहीत गं. मी टाकलेत समुद्रात."

लग्नात तिच्या आजीने तिला राणीछाप रुपयांची पिशवी दिली होती. मुलगा पहिल्यांदा जहाजावर गेला त्या वर्षी नारळी पौर्णिमेला तिने ह्या किनाऱ्यावर येऊन समुद्राची ओटी भरली. खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ, आणि पिशवीतला एक रुपया. ज्या घरातला पुरुष पाण्यावर आहे त्या घरातल्या बायका तिच्या गावाला असंच करत. मग दर वर्षी. नारळाचं काकांना माहीत होतं. तिकीट लावून सोड, रत्नागिरीला पोचेल, म्हणून ते हसत. रुपयाचं माहीत नव्हतं. पिशवीतले रुपये केव्हाच आटवून तबक केलं असा त्यांचा समज होता आणि तिने तो राहू दिला होता.

"चांदी पाण्यात टाकते म्हटल्यावर एक तासाचं लेक्चर. कोण ऐकणार?"

"पण हाच रुपया तो, हे कशावरून?"

"हनुवटीखाली घाव आहे ना? माझ्या आजोबांनी सराफाकडे नेला होता पारखायला, तेव्हाचा. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचे."

"मग तो सापडला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशीचा त्यांचा चेहरा तू बघितला नाहीस. दोन वर्षांनी माणूस हाक न मारता जेवायला आला होता." तिने शाल वर ओढून घेतली. "समुद्राला दिलेलं परत घरात आणायचं नसतं. दिलं ते दिलं. आणि इथं काचेच्या कपाटात ठेवलं, वर दिवा लावून. मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी दुसरा देईन. दिला. तोही ह्यांनी काढून आणला. पुन्हा दिला, पुन्हा आणला. नवरा आणि समुद्र, मधे मी."

ती हसली, आणि हसल्याने दुखलं म्हणून तिने पोटावर हात धरला.

तिचं म्हणणं थोडक्यात हे होतं. मुलासाठी दिलेलं त्याच्याच बापाने परत घेतलं. ह्या वर्षी तिला किनाऱ्यावर जाताही आलं नव्हतं. मुलगा त्या आखाताच्या दिशेने चालला होता. तेच तीन रुपये पुन्हा पाण्यात गेले पाहिजेत, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत नाही तरी ती असताना. श्रद्धा-अंधश्रद्धेबद्दल माझं काय मत आहे, हे तिने विचारलं नव्हतं.

"काकांना सांगावं लागेल," मी म्हटलं.

"मीच सांगणार. तू फक्त तिथे बस. तू असलीस की ते आवाज चढवत नाहीत."

चहाच्या वेळेला तिने सांगितलं. काका आधी हसले. मग उठून त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"ताप नाहीये मला," मावशी म्हणाली. "हनुवटीखालचा घाव आमच्या सराफाचा आहे."

"अगं, ते व्यापारी लोक तपासायचे—"

"माझ्या आजोबांनी तपासला. रत्नागिरीला. पिशवीतले बाकीचे तांदळाच्या डब्यात आहेत, बघून या."

काका डबा घेऊन आले. तांदळात हात घालून त्यांनी कापडी पुरचुंडी काढली, सोडली, त्यातला एक रुपया उजेडात धरला आणि पुन्हा बांधून ठेवला. माझा नवरा उठून बाहेर जाऊ लागला, त्याला काकांनीच बसायला सांगितलं.

"म्हणजे इतकी वर्षं मी सगळ्यांना मूर्खासारखा सांगत फिरलो."

"मूर्ख कशाला? शोधलेत ना तुम्ही. यंत्र चांगलं आहे तुमचं."

"हसतेस काय? तो क्लब, ते म्युझियम... आणि तुला कळतं ना, ह्या रुपयांचा आणि त्याच्या जहाजाचा काही संबंध नाही? रोज किती जहाजं जातात तिथून. बहुतेक सगळी सुखरूप जातात."

"कळतं."

"मग?"

"मग काय? माझे रुपये मला आणून द्या."

काकांनी बशी बाजूला सारली. मग ते म्हणाले, की लंडनला जुन्या नाण्यांची दुकानं आहेत, तिथून अगदी असेच राणीछाप आणता येतील, हवे तितके. पुरचुंडीतले तर घरातच आहेत, तेही टाकू.

"हे म्हणजे दुसऱ्याच पेशंटला गोळी देण्यासारखं झालं," मावशी म्हणाली. "जे घेतलंत ते परत द्या. बाकी काही नको."

सोमवारी काकांनी सरकारी खात्याला फोन केला. पलीकडची बाई सौजन्याने बोलली. नाणी जहाजातली नसून घरची आहेत असं लिहून द्यावं लागेल, म्युझियमकडून ती परत मागवावी लागतील, थोडा वेळ लागेल. त्यात कुणाचा दोष नव्हता. काम त्याच्या क्रमाने चाललं होतं. काकांनी कारण सांगितलं नाही. पत्नी आजारी आहे एवढंच म्हणाले.

क्लबात सांगणं जास्त कठीण होतं. त्यांनी ते फोनवर न करता प्रत्यक्ष केलं, आणि मी सोबत होते म्हणून मला ते ऐकायला मिळालं. किनाऱ्याच्या वरच्या कार पार्कमध्ये, ज्या शेजाऱ्याने त्यांना पहिल्यांदा क्लबात नेलं, तो पोलाद कारखान्यातला म्हातारा आपले बूट बदलत होता.

"म्हणजे जहाज नाही?" त्याने विचारलं.

"जहाज नाही," काका म्हणाले. "माझी बायको आहे."

काकांनी सगळं सांगितलं, काही न गाळता. म्हाताऱ्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधून होईपर्यंत वर बघितलं नाही.

"माझी आई किनाऱ्यावरचे शिंपले घरात आणू द्यायची नाही," तो शेवटी म्हणाला. "का, ते तिने कधी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही." मग त्याने काकांच्या दंडावर थाप मारली. "बाकीच्यांना मी सांगतो, डॉक्टर. तू घरी जा."

नोव्हेंबरात मावशीचा पलंग खालच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. नर्स दिवसातून दोनदा येई. आम्ही जमेल त्या प्रत्येक शनिवारी जात होतो. मुलाची वरिष्ठांशी बोलणी चालली होती. पण भर समुद्रात इंजिनीअर उतरवून घेता येत नाही. जहाज आखात ओलांडून पलीकडच्या बंदराला लागलं, की तिथून विमानाने पाठवू, असं ठरलं होतं. ते सुखरूप ओलांडल्याचा त्याचा फोन आला, तेव्हा काकांनी फोन तिच्या कानाशी धरला. ती त्याच्याशी नीट बोलली. जेवतोस का, विचारलं. नंतर काका म्हणाले, "बघ, झालं ना? आता तरी डोक्यातून काढ."

"ह्या खेपेला झालं," ती म्हणाली. "पुढच्या?"



"आले का?" हे ती रोज विचारत असे. काका "अजून नाही" म्हणत. खाणीतल्या माणसांना त्यांच्या फुप्फुसांबद्दल काकांनी तीस-पस्तीस वर्षं खरं तेच सांगितलं होतं, आणि त्याबद्दल ते ओळखले जात. आले, टाकले पाण्यात, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मला वाटलं होतं ते म्हणतील. एकदा मी बाहेर कपडे वाळत घालत असताना उघड्या खिडकीतून त्यांचा आवाज आला: "नाही गं, अजून नाही आले. फोन केला होता मी." मग पुन्हा तिचा काहीतरी बारीक आवाज, आणि ते: "हो. परवा पुन्हा फोन करतो."

शेवटच्या दिवसांत ती रुपयांबद्दल विचारते आहे की मुलाबद्दल, हे कळेनासं झालं. दोन्हींचं उत्तर एकच होतं.

ती गुरुवारी पहाटे गेली. मुलगा शुक्रवारी पोचला. विमानतळावर त्याला घ्यायला माझा नवरा गेला होता. त्याने गाडीत बसण्याआधीच विचारलं आणि नवऱ्याने सांगितलं. वाटेत एका पेट्रोल पंपावर त्याने सगळ्यांसाठी सँडविचेस घेतली आणि ती कुणीच खाल्ली नाहीत.

ती सवाष्ण गेली होती, म्हणून नेण्यापूर्वी मी तिची ओटी भरली. हिरवी साडी तिने आधीच काढून ठेवलेली होती. क्लबातले सगळे स्मशानगृहात आले होते, काळ्या कोटांत. पाठीमागच्या रांगेत ते एका ओळीत उभे होते आणि कुणाला कधी बसायचं हे कळत नव्हतं.

रुपये जानेवारीत आले. काकांनी फोन केला तेव्हा मी रीडिंगला घरीच होते. पाकीट कुठे ठेवलंय, असं मी सहज विचारलं.

"गाडीत," ते म्हणाले.

"गाडीत कशाला?"

"घरात नाही नेलं," ते म्हणाले. मग: "तो पुढच्या आठवड्यात जहाजावर जातोय. तू सवाष्ण आहेस. येशील का?"

हा शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकला नव्हता.

नारळ स्वान्सीच्या एका दुकानात मिळाला, खण मावशीच्या कपाटात होता. आम्ही ओहोटीच्या वेळी गेलो. किनारा रिकामा, वाळू करडी, वारा बोचरा. काकांनी यंत्र आणलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसल्यासारखे ते उभे होते. मुलाने मराठीत विचारलं, त्याची मराठी घरातल्यापुरतीच होती.

"आईला हा असा पाहिजे होता? सगळे तीन?"

"तिन्ही," काका म्हणाले.

मी पाण्याच्या कडेला बसून हळदकुंकू वाहिलं, तांदूळ सोडले, खण आणि नारळ सोडला. लाटेने नारळ आत नेला आणि पुढच्या लाटेने माझ्या पायाशी आणून ठेवला. मी तो पुन्हा सोडला. तो पुन्हा आला. मी रुपये हातात घेतले, तेव्हा मुलगा म्हणाला, "वेट. इथे नको. बाबा, तुम्ही लोक लो टाइडच्या लाइनपर्यंत शोधता ना? मग इथे टाकला तर कोणतरी परत काढेल. पुढे टाकायला पाहिजे."

हे खरं होतं, आणि काकांइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली.

मुलाने बूट काढले, जॅकेट माझ्या नवऱ्याकडे दिलं, रुपये आणि नारळ घेतला आणि पाण्यात शिरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांड्यांपर्यंत. तो उतार लांबच लांब सपाट होता, त्यामुळे तो चालतच राहिला. कमरेला पाणी लागलं तेव्हा एक लाट त्याच्या छातीवर फुटली. तो थोडा डगमगला आणि पुढे गेला. ज्याने अर्धं आयुष्य खोल समुद्रावर काढलं होतं, त्याला ते पाणी काहीच नव्हतं.

"बस!" काका ओरडले. "तिथूनच टाक!"

वारा समुद्रावरून आमच्याकडे येत होता. त्याला ऐकू गेलं नसावं. त्याने एक पाऊल आणखी टाकलं.

काका पाण्यात शिरले, बुटांसकट, कोटासकट. माझ्या नवऱ्याने त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला.

"अरे ये मागे!" त्यांचा आवाज फाटला होता. "नको टाकूस! राहू देत ते रुपये! आण परत, इकडे ये आधी!"

मुलाने वळून बघितलं. तो काय म्हणाला ते कळलं नाही. मग त्याचा हात तीन वेळा वर गेला आणि खाली आला. नारळ त्याने पाण्यावर नुसता ठेवला.

तो परत आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. काकांनी आपला ओला कोट त्याच्याभोवती गुंडाळला, त्याचा उपयोग नव्हता, तरी गुंडाळला. मग त्याचं मनगट धरून, घड्याळाकडे बघत ते नाडी मोजू लागले.

"आय ॲम फाइन, बाबा," मुलगा दात वाजवत म्हणाला. "रिअली. चला, गाडीत जाऊ."

"थांब जरा," काका म्हणाले. त्यांनी मनगट सोडलं नाही.